जिन्याने येणाऱ्या बायका

लिफ्टमन म्हणजे बटण दाबणारा, असं ज्यांना वाटतं त्यांची मला कीव येते. बटण कुणीही दाबेल. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच वाटेला लावायचं, हे ओळखायला नजर लागते. ती माझ्याकडे होती. अठरा वर्षं मी चौदा मजल्यांच्या इमारतीच्या पुढच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसलो, इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर टोपी घालून. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस आरशाकडे बघतो, लिफ्टमनकडे बघत नाही. त्यामुळे त्याचं सगळं मला दिसतं.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर नाकात बोट घालतात. सातव्या मजल्यावरचे प्राध्यापक समतेवर भाषणं देतात आणि त्यांची तालीम माझ्यासमोर करतात, पण अठरा वर्षांत त्यांनी मला एकदाही नाव विचारलं नाही. बाराव्या मजल्यावरचे चेअरमन दर वेळी आरशात बघून कॉलर सरळ करतात. कॉलर सरळच असते. मनातल्या मनात मी त्यांना 'कॉलर' म्हणायचो आणि तोंडाने 'साहेब'. थोडक्यात काय, चौदा मजल्यांत मला आदर वाटावा असं कुणी नव्हतं. एक मी सोडून.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की सकाळी लिफ्टला घामाचा वास येतो. त्या स्वतः इतकं अत्तर फवारून यायच्या की माझे डोळे चुरचुरायचे, पण अत्तराबद्दल तक्रार कोण करणार? कमिटीची बैठक झाली, बिस्किटं खाल्ली गेली, सगळ्या मालकांनी सह्या केल्या, आणि पुढच्या लिफ्टशेजारी पाटी लागली: 'घरकामगारांनी मागची लिफ्ट वापरावी.'

मागची लिफ्ट कचऱ्याचे डबे, फर्निचर आणि कुत्री यांच्यासाठी होती. तिच्यात दिवा नव्हता. दाराला लाथ घातल्याशिवाय ते लागायचं नाही, आणि आठवड्यातून एकदा ती कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसायची.

"तू बघून घे," चेअरमन मला म्हणाले. म्हणजे बायकांना अडवायचं काम माझं. पाटी लावणाऱ्यांपैकी एकानेही कधी कुठल्या बाईला तोंडावर 'मागून जा' म्हटलं नाही. तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती आणि तेवढी गरजही नव्हती, कारण मी होतो. सगळ्या इमारतीच्या वतीने मी एकटा नाही म्हणायचो, आणि मला त्याचा अभिमान होता.

आमची ही बाराव्या मजल्यावर, चेअरमनकडेच, स्वयंपाकाला होती. पाटी लागली त्या दिवशी ती नेहमीसारखी पुढच्या लिफ्टपाशी आली. आत दोन साहेब उभे होते. मी म्हणालो, "मागून." तिने माझ्याकडे बघितलं आणि गेली. घरी मी तिला समजावलं की नियम म्हणजे नियम, घरच्या माणसाला सूट दिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. ती म्हणाली, "भात वाढू का?" मी समजलो की पटलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मागची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकली. आत कचऱ्याचे चार डबे, आमची ही, आणि नवव्या मजल्यावरच्या आजींना सांभाळणारी बाई. या बाईला सगळे 'घड्याळ' म्हणत, कारण आजींचं औषध, आंघोळ, खाणं सगळं ती मिनिटाला धरून करायची. पावणेदोन तास दोघी आत होत्या. त्या आतून पत्र्यावर हात आपटत होत्या. पुढच्या लिफ्टमधले लोक विचारत, "कसला आवाज येतोय रे?" मी सांगत होतो, "मेकॅनिक येतोय." आणि लिफ्ट चालवत होतो. मी स्टूल सोडून गेलो असतो तर पुढची लिफ्ट कुणी सांभाळायची?

दार उघडल्यावर हिने खाली येऊन पंपाच्या नळावर तोंड धुतलं आणि जिन्याने बारावा मजला गाठला. जेवण वेळेवर झालं. दुसऱ्या दिवसापासून एकूण एकतीस बायका जिन्याने यायला लागल्या.

मला हसू आलं. मी तरुणपणी संप बघितलेत. दगड, फुटलेल्या काचा, पेटलेले टायर. त्याला विरोध म्हणतात. या बायका साडेसातच्या ठोक्याला यायच्या, रखवालदाराच्या वहीत सही करायच्या आणि पायऱ्या चढायच्या. घोषणा नाही, शिव्या नाही. जिना चढून कुणाचं राज्य उलथलंय? मी आमच्या हिला म्हणालो, "व्यायाम चांगला होईल तुमचा." ती म्हणाली, "हो ना."

मागच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. दर दोन मजल्यांवर त्या पायरीवर बसून दम खायच्या, आणि कुणाचं दार उघडलं की सगळ्याजणी एकदम 'नमस्कार' म्हणायच्या. दारातल्या माणसाला काय करावं कळायचं नाही. उलट नमस्कार करावा तर पाटीसाठी सही त्याचीच, न करावा तर सकाळी सकाळी एवढ्या बायका तोंडाकडे बघतायत. बरेचजण दार पुन्हा लावून घ्यायचे. वरच्या मजल्यांवर नाश्ता साडेनऊला व्हायला लागला.

एकदा प्राध्यापकांनी बायकांना सातव्याच्या पायऱ्यांवर गाठलं. लिफ्ट त्यांच्यासाठीच थांबलेली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तुमची मागणी अगदी रास्त आहे," ते म्हणाले. "पण पद्धत चुकतेय."

"मग कुठली पद्धत करू, सर?" घड्याळने विचारलं. तिला खरंच ऐकायचं होतं असा तिचा चेहरा होता.

"अर्ज करा."

"तीन केले."

"मग चौथा करा. चिकाटी हवी," असं म्हणून चिकाटीवाले लिफ्टमध्ये शिरले आणि आरशात केस ठीक करत खाली आले. मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला. बायकांचाही केला, कारण त्या त्याला हसल्यासुद्धा नाहीत.

मग कमिटीला दया आली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पुढच्या लिफ्टचा पास. पहिला पास आमच्या हिचा, कारण चेअरमनना नाश्ता आठला लागायचा. मी तो घरी आणला आणि खरं सांगायचं तर जरा मिरवतच आणला. हिचे गुडघे खरोखरच सुजलेले होते. बसताना ती खाटेला धरायची.

"आणि ज्यांचे गुडघे दुखत नाहीत त्यांचं काय?" तिने विचारलं.

"त्यांचं तुला काय करायचंय?"

"परत द्या साहेबांना. चुरगळू नका, नीट द्या."

एकाही बाईने पास घेतला नाही. चेअरमनच्या हातात मी एकवीस पास परत ठेवले तेव्हा त्यांनी कॉलरला दोनदा हात लावला.

पुढच्या शनिवारी त्यांच्या जावयाचे वरिष्ठ जेवायला येणार होते. आदल्या दिवशी दुपारी चेअरमन लिफ्टमध्ये माझ्याजवळ सरकले. एवढ्या जवळ ते अठरा वर्षांत आले नव्हते.

"उद्या एक दिवस तुझ्या बायकोला लिफ्टने आण. सातला. कुणी बघणार नाही."

"ती ऐकत नाही, साहेब."

"नवरा आहेस ना तू? आणि ती पंपाशेजारची खोली सोसायटीची आहे, माहिती आहे ना?"

माहिती नसायला काय झालं? ती एक खोली, हीच आमची सगळी इस्टेट. पंप सुरू झाला की भांडी थरथरायची, पण छप्पर होतं. मी तडक घरी गेलो. ही दुपारची जरा टेकली होती.

"अगं, खोली जाईल," मी म्हणालो.

"माहितेय."

"एक दिवस! एक दिवस वर गेलीस तर काय तुझं नाक कापलं जाणार आहे?"

"मी एकटी वर गेले की बाकीच्या तीसजणी खाली राहिल्या."

"त्या तुला जेवायला घालणार आहेत का? मी घालतो."

त्यावर ती उठून बसली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज कधीच चढायचा नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

"त्या दिवशी आम्ही आत होतो ना," ती म्हणाली, "तेव्हा तुमच्या लिफ्टची घंटा ऐकू येत होती. प्रत्येक मजल्याला. मी मोजत होते. वाटायचं, आता थांबेल. आता हे उतरतील."

मी म्हणालो, "माझी ड्यूटी होती." ती म्हणाली, "हो." आणि केस बांधून कामाला गेली. शनिवारी ती पहाटेच निघाली आणि जिन्याने वेळेवर वर पोचली. जेवण झकास झालं म्हणे. चेअरमनना त्याचाच जास्त राग आला.

आणि मग कॉलरने जन्मातली सर्वात मोठी हुशारी केली. जिनाच बंद करून टाकला. सोमवारी तळमजल्यावर पायऱ्यांना दोरी बांधलेली, 'रंगकाम चालू, जिना बंद', आणि एक रंगारी रात्रीपासून खालून पायऱ्या रंगवत वर चाललेला. पुढच्या लिफ्टला पाटी, जिन्याला दोरी, म्हणजे बायका मुकाट्याने मागच्या लिफ्टकडे वळतील. मलाही वाटलं, मारला डाव.

साडेसातला एकतीस बायका आल्या. वहीत सही केली. दोरीवरची पाटी वाचली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली. आणि लॉबीच्या फरशीवर बसल्या, मजल्यामजल्याप्रमाणे, ओळीने.

चेअरमन खाली आले. "हे काय? कामावर का नाही गेलात?"

"कामावरच आहोत, साहेब," घड्याळ म्हणाली. "वेळेवर आलोय, वहीत बघा. वर कसं जायचं तेवढं सांगा."

"मागची लिफ्ट आहे!"

"तिच्यात आम्ही बसत नाही. जिन्याने जात होतो, तो तुम्ही बंद केलात."

चेअरमनने वही मागवली. एकतीस सह्या, वेळेवर. गैरहजेरी लावता येईना. बायकांना जो संप करायला धीर झाला नसता तो या शहाण्याने स्वतःच्या हाताने दोरी बांधून करून दिला होता. मी स्टुलावर बसून बघत होतो, आणि मूर्खपणा या विषयात मला या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

तेवढ्यात घड्याळ उठली. "आठ वाजत आले. आजींना उठवायचंय, त्यांना नाही थांबता येणार. मी जिन्याने जाते, साहेब. रंगाबद्दल माफ करा." तिने चपला हातात घेतल्या, दोरीखालून गेली आणि नवव्या मजल्यापर्यंत ओल्या रंगातून चढली. रंगारी वरून खाली तिच्या नावाने ओरडत राहिला. दीड तासाने आजींचं सगळं उरकून ती त्याच वाटेने परत आली, निळ्या तळव्यांनी, आणि आपल्या जागेवर बसली.

मला हे बघवेना. मी संध्याकाळी हिला म्हणालो, "अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही? म्हातारी दहा मिनिटं ओरडली असती तर सगळी इमारत तुमच्या पाया पडली असती. तुमचा हुकमाचा पत्ता होता तो."

"आजी पत्ता नाहीयेत," ती म्हणाली.

असल्या लोकांशी काय बोलणार?

तीन दिवस. तेवढंच लागलं, आणि त्या तीन दिवसांत मी जे बघितलं ते अठरा वर्षांत बघितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर कचऱ्याची गळकी पिशवी घेऊन पुढच्या लिफ्टमध्ये आले आणि माझ्या बुटांवर थेंब पडले. चौथ्या मजल्यावरच्या बाई कुत्रं आणि डबा दोन्ही सांभाळत आल्या आणि त्यांनी कुत्र्याला हाक मारली तेव्हा डबा सांडला. मागची लिफ्ट रिकामी होती, पण तिच्यात शिरायला मालक मंडळींना किळस वाटत होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या लिफ्टला जो वास यायला लागला त्यापुढे घामाला कस्तुरी म्हणावं लागेल. आणि प्रत्येक फेरीला, दार उघडलं की, एकतीस तोंडांचा नमस्कार.

बुधवारी दुपारी मालक लोकांनीच चेअरमनला लॉबीत घेरलं. "कुणी सांगितलं होतं जिना बंद करायला?" "मी फक्त वासाबद्दल बोलले होते," चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. प्राध्यापक म्हणाले की त्यांचा या पाटीला पहिल्यापासून तात्त्विक विरोध होता. पाटीसाठी सही केलेला एकही माणूस त्या गर्दीत सापडेना. मला पेचकस आणायला सांगितलं. चार स्क्रू काढले आणि पाटी निघाली.

"नवी लावाल ना, साहेब?" घड्याळने विचारलं. "म्हणजे पुन्हा कुणाचा गोंधळ नको."

'दोन्ही लिफ्ट सर्वांसाठी.' तीही मीच लावली.

दुसऱ्या दिवशी त्या आठ-आठच्या गटाने लिफ्टमध्ये आल्या. मी टोमण्यांची तयारी ठेवली होती. निदान एकीने तरी 'काय दादा, कशी जिरली?' म्हणावं. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी चार उत्तरं पाठ केली होती. त्यांनी नुसता नमस्कार केला. मी बाराव्याच्या बटणाकडे हात नेला, तोवर हिने ते दाबलंही होतं.

आठवडा गेला. चेअरमन बाराव्यावरून एकटेच लिफ्टमध्ये आले. आरशात बघत, कॉलर नीट करत म्हणाले, "उद्यापासून लिफ्टमन नको असं कमिटीचं ठरलंय. आता कुणाला थांबवायचं तर राहिलेलं नाही, मग तुझं काम काय? खोली महिनाअखेरीला रिकामी कर." तेवढ्यात तळमजला आला. मी सवयीने उठून त्यांना दार धरलं.

घरी मी हे एका दमात सांगितलं आणि वाट बघत बसलो. आता ही बोलणार. बोलायचा तिला हक्क होता.

"लेखी दिलंय?" तिने विचारलं.

"नाही."

"आधी तुम्हाला विचारलं?"

"मला कोण विचारतंय?"

तिने हात पुसले आणि बाहेर गेली.

सकाळी मी सवयीने शर्ट-टोपी घालून लॉबीत आलो. साडेसात झाले होते. एकतीसजणी फरशीवर बसल्या होत्या, मजल्याप्रमाणे, ओळीने. दोन्ही लिफ्ट उघड्या, जिना मोकळा, आणि एकही वर जात नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना मी वर्षभर बोटाने मागचा रस्ता दाखवला, ज्यांच्या जिन्यावर मी हसलो, त्या माझ्यासाठी बसणार? याच्यापेक्षा खोली गेलेली परवडली. मी हिच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "उठ. उठव सगळ्यांना. मला कुणाचे उपकार नकोत."

"उपकार कुठले?" ती म्हणाली. "तुम्ही चांगले वागलात म्हणून बसलोय असं वाटतंय का तुम्हाला? तुम्ही कसे वागलात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. काल दोघीतिघी नाहीच म्हणत होत्या. एक तर रडली, म्हणाली, त्यांच्यासाठी मी का बसू? तासभर बोललो आम्ही."

"मग?"

"मग ठरलं. अठरा वर्षं राबलेल्या माणसाला असं आरशात बघत बघत काढायचं नाही. कुणालाच नाही." तिने माझ्या टोपीकडे बघितलं. "तुम्हालासुद्धा नाही."

मी आयुष्यभर माणसांची लायकी ठरवत आलो. डॉक्टरची, प्राध्यापकाची, कॉलरची, या बायकांची. माझी लायकी काय होती ते या एकतीसजणींनी काल तासभर बसून ठरवलं होतं, अगदी बरोबर ठरवलं होतं, आणि तरीही त्या आल्या होत्या. मला राग यावा असं वाटत होतं. रागच आला असता तर सोपं गेलं असतं. पण तो आला नाही, आणि तोंड लपवायला माझ्याकडे लिफ्टही नव्हती.

वरून लिफ्ट निघाल्याची खूण झाली. बारा, अकरा, दहा. मी टोपी काढली. ती कुठे ठेवावी कळेना. घड्याळ जरा सरकली आणि तिने शेजारच्या फरशीवर हात ठेवला.

"बसा, दादा."

मी बसलो. फरशी गार होती आणि माझे गुडघेही आता तरुण नव्हते. दार उघडलं. चेअरमन एकटेच होते. त्यांनी एकतीस बायका बघितल्या, मग मला बघितलं, आणि माझे पाय आपोआप उभं राहायला निघाले.

"पाय आत घ्या," घड्याळ हळूच म्हणाली. "साहेबांना जायला वाट ठेवायची."

मी पाय आत घेतले आणि बसून राहिलो.